संगणकावरून ईमेलने सभासदांच्या मोबाईलवर एसएमएस कसा पाठवायचा? (३४० जण, निम्मे कीपॅड फोनवाले)

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. जिंतूर तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिसचं काम बघतो. सभासद ३४०. हंगामात रोज संध्याकाळी उद्या कुणाकुणाचा माल घ्यायचा त्याची यादी निघते, साधारण ४० नावं. शिवाय आठवड्यातून एकदा सगळ्यांना एक निरोप असतो: बैठक, बियाणं आलं, असलं काहीबाही. निम्म्या लोकांकडं कीपॅडचा फोन, त्यामुळं व्हॉट्सॲप ग्रुप असून नसल्यासारखा.

ऑफिसात एक विंडोजचा पीसी, फायबरचं इंटरनेट आणि जीमेल आहे. मोबाईल नंबर, पुढं ॲट आणि मोबाईल कंपनीचं डोमेन असा पत्ता टाकून ईमेल केला की समोरच्याला एसएमएस जातो म्हणतात. नेटवर तशी यादीही सापडली. त्यातले भारतातले तीन-चार पत्ते वापरून बघितले, सगळे मेल 'पत्ता सापडला नाही' म्हणून परत. नंबरच्या आधी ९१ लावायचं का शून्य? नेमकं काय चुकतंय? मजकूर मराठीतच हवा.

मांजराकाठ

९१ लावा, शून्य लावा, काहीच लावू नका, मेल परतच येणार. चूक तुमची नाही, यादी मेलेली आहे.

ती सोय चालायची कशी ते सांगतो, म्हणजे बंद का पडली तेही कळेल. मोबाईल कंपनी एक मेल सर्व्हर ठेवायची. पत्त्यात ॲटच्या डावीकडं जो नंबर असेल तो उचलायचा, मेलमधला मजकूर १६० अक्षरांवर कापायचा आणि आपल्याच एसएमएस केंद्रात ढकलायचा. अमेरिकेत हे लई चाललं. पण मेल फुकट आणि पाठवणारा कोण याचा पत्ता नाही, म्हणून फसवणूकवाल्यांनी त्यावरच डेरा टाकला. तिथल्या एटी अँड टीनं १७ जून २०२५ ला ही सेवा बंद केली.

आपल्याकडच्या याद्या तर त्याहून जुन्या. त्यात आयडियाचा वेगळा पत्ता दिसतो, आणि आयडिया-व्होडाफोन २०१८ मध्येच एक झाल्या. दुसरं म्हणजे २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करता येतो. नंबरवरून सभासद कुठल्या कंपनीत आहे हे तुम्हाला ओळखता येत नाही, मग ॲटच्या उजवीकडं लिहिणार काय?

आता जी 'ईमेल टू एसएमएस' सेवा भारतात मिळते ती मोबाईल कंपनीची नसते, बल्क, म्हणजे घाऊक एसएमएस विकणाऱ्याची असते. तिला ट्रायचे (दूरसंचार नियामकाचे) २०१८ चे नियम लागू होतात, म्हणजे डीएलटी नोंदणी आली, धंद्याचे एसएमएस पाठवणाऱ्यांनी मोबाईल कंपनीकडं करायची ती. त्यावर सविस्तर लिहितो, पण आधी एक ठरवा. तुमची कामं दोन आहेत, रोजचे ४० आणि आठवड्याचे ३४०. दोन्हीला एकच औषध शोधू नका.

दुधनाकाठ

रोजच्या ४० पुरतं बोलतो. याला ईमेल लागतच नाही. अँड्रॉइड फोनमध्ये गुगल मेसेजेस असेल तर पीसीच्या ब्राउझरमध्ये त्याचं वेब पान उघडा, क्यूआर कोड स्कॅन करा आणि कीबोर्डवरून टाईप करा. मेसेज फोनच्या सिमवरूनच जातो. विंडोजचं फोन लिंकही हेच काम करतं.

यात लोक एका ठिकाणी हमखास फसतात. एकदम अनेक नंबर टाकले की ॲप त्याचा 'ग्रुप' करतं आणि एसएमएसऐवजी एमएमएस पाठवायला जातं. कीपॅड फोनवर ते पोचत नाही. सेटिंगमध्ये ग्रुप मेसेजिंगखाली सगळ्यांना वेगवेगळा एसएमएस जाईल हा पर्याय निवडा. आरसीएस चॅटही बंद ठेवा, नाहीतर स्मार्टफोनवाल्यांना मेसेज डेटावरून जातो आणि त्यांचं नेट बंद असलं की अडकून बसतो.

ईमेलनंच करायचं असेल तर तेही जमतं. गुगल ॲप्स स्क्रिप्टमध्ये छोटी स्क्रिप्ट लिहायची. ती ठराविक लेबलचा मेल शोधते, त्यातला नंबर आणि मजकूर काढते आणि फोनमधल्या एसएमएस गेटवे ॲपला (बाहेरून आलेला निरोप सिमवरून पाठवणाऱ्या) देते. अडचणी पुढच्या.

स्क्रिप्ट गुगलच्या सर्व्हरवर चालते आणि तुमचा फोन ऑफिसच्या राउटरमागं असतो. १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता तिला बाहेरून दिसत नाही. म्हणून ॲपचा क्लाउड मोड घ्या, त्यात फोन स्वतः बाहेर जाऊन निरोप आणतो. किंवा स्क्रिप्ट पीसीवरच ठेवा आणि आयमॅपनं (सर्व्हरवरचा मेल दुसऱ्या प्रोग्रॅमनं वाचायची पद्धत) मेल वाचा, पोर्ट ९९३. जीमेलचा नेहमीचा पासवर्ड तिथं चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून १६ अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागतो.

दर मिनिटाला तपासणी लावायचा मोह आवरा. साध्या जीमेल खात्याला ट्रिगरसाठी, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप स्क्रिप्ट चालवायला, दिवसाला ९० मिनिटं मिळतात. दिवसाची मिनिटं १,४४०, प्रत्येक वेळी चार सेकंद लागले तर ९६ मिनिटं. म्हणजे रात्री ऐन वेळेला स्क्रिप्ट गप्प, आणि सकाळी सगळं ठीक दिसतं. पाच मिनिटांचा ट्रिगर लावा.

अँड्रॉइडची स्वतःचीही मर्यादा आहे. एका ॲपनं थोड्या वेळात ३० पेक्षा जास्त एसएमएस पाठवले की पडद्यावर 'पाठवू का?' असं विचारतं आणि कुणी बोट लावेपर्यंत थांबतं. फोन कपाटावर ठेवलेला असला की संपलं. ४० ची यादी २० आणि २० अशी करा, मध्ये ३५ मिनिटं ठेवा.

फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा आणि ऑटोस्टार्ट चालू करा. काही कंपन्यांचे फोन पडदा बंद झाला की मागचं ॲप मारतात. आणि तो फोन २४ तास चार्जरला लावून ठेवू नका, बॅटरी फुगू शकते. टायमरचा प्लग घ्या, दिवसातून दोन तास बास.

शेवटचं, आणि हे कुणी सांगत नाही: त्या ईमेल पत्त्यावर कुणीही मेल टाकला तर तुमच्या सिमवरून एसएमएस जाईल. फक्त 'पाठवणारा कोण' बघून भागत नाही, ते नाव खोटं घालता येतं. विषयाच्या ओळीत एक गुप्त शब्द ठेवा आणि तो नसेल तर स्क्रिप्टनं मेल फेकून द्यावा.

पूर्णाकाठ

दुधनाकाठ सर, आभार. मग ३४० पण याच पद्धतीनं दोन-तीन टप्प्यांत पाठवले तर? सिमवर रोजचे १०० एसएमएस आहेतच. आणि ऑफिसात एक यूएसबीचं जीएसएम मोडेम पडून आहे, सिम९०० वालं. त्यात सिम घालून होईल का?

दुधनाकाठ

हिशेब करा दादा. मराठी मेसेज ७० अक्षरांच्या वर गेला की त्याचे दोन भाग होतात आणि पॅकमधून दोन वजा होतात. ४० जण गुणिले दोन म्हणजे ८०, बसलं. तीन भाग झाले तर १२०, रोज २० चे पैसे. ३४० गुणिले दोन म्हणजे ६८०, त्यातले ५८० पॅकच्या बाहेर. १०० च्या पुढं किमान ५० पैसे घ्यायची ट्रायची २०१२ ची सक्ती २०२० मध्ये उठली, पण कंपन्यांनी आपली १०० ची रेघ ठेवलीच आहे आणि त्यापुढचा दर पॅकपेक्षा फार महाग पडतो.

पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे दहा अंकी खाजगी नंबरवरून धंद्याचे घाऊक मेसेज पाठवायचे नसतात. 'बियाणं आलं, घेऊन जा' ही जाहिरातच. कुणी १९०९ वर तक्रार केली तर ती तुमच्या सिमवर लागते. २०२५ च्या दुरुस्तीनंतर दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होते, पहिल्या वेळी १५ दिवस आउटगोइंग बंद. ऑफिसचा नंबर हंगामात १५ दिवस मुका झाला तर काय होईल ते तुम्हीच बघा. ४० जणांना 'तुमचा नंबर उद्या' हे वेगळं, ते त्यांनीच मागितलेलं असतं.

तारवाला

मोडेमचं मी सांगतो.

सिम९०० हे टूजी मॉड्यूल आहे. जिओचं सिम त्यात कधीच नेटवर्क धरणार नाही, कारण जिओकडं टूजी नाहीच. मोबाईल स्टार्टरवर विहिरीची मोटर चालवणाऱ्यांना हे ठाऊक असतं. टूजी चालू असलेल्या कंपनीचं सिम घाला आणि आधी साध्या फोनमध्ये टाकून त्या जागी रेंज किती येते ते बघा.

दुसरा घोटाळा वीजपुरवठ्याचा. मेसेज सोडताना हे मॉड्यूल क्षणभर दोन अँपिअरपर्यंत ओढतं. पीसीचा साधा यूएसबी पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो. मग काय होतं, दिवा लुकलुकतो, नेटवर्क सापडतं, आणि पाठवा म्हटलं की मोडेम रीस्टार्ट. लोक सिमला शिव्या देतात. वेगळा दोन अँपिअरचा ॲडॅप्टर लावा. उघडं बोर्ड असेल तर पुरवठ्याच्या टोकांवर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, तोही बोर्डाच्या अगदी जवळ. लांब, बारीक वायरीनं कपॅसिटरचा उपयोग जातो.

सॉफ्टवेअर म्हणून गाम्मू वापरा, फुकट आहे आणि रांग सांभाळतं. युनिकोडचा (मराठी अक्षरांसाठीच्या कोडचा) पर्याय द्यायचा विसरलात तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं जातात. थेट एटी कमांडनं (मोडेमला द्यायच्या हुकमांनी) करत असाल तर सीएसएमपी या कमांडमध्ये शेवटचा आकडा ८ ठेवा, तो युनिकोडचा. त्याच कमांडमधला दुसरा आकडा म्हणजे मेसेजचं आयुष्य: १६७ म्हणजे २४ तास, १४३ म्हणजे १२ तास. हा आकडा तुमच्या कामात लाखमोलाचा आहे. भारनियमनात लोकांचे फोन बंद पडलेले असतात आणि कंपनीचं एसएमएस केंद्र मेसेज धरून बसतं. 'उद्या माल आणा' हा निरोप परवा पोचला तर माणूस ट्रॅक्टर घेऊन चुकीच्या दिवशी येतो. १२ तास ठेवा. पहिला आकडा १७ ऐवजी ४९ केला तर पोचपावतीही मिळते.

एवढं सगळं जुळलं तरी एक मेसेज जायला चार-सहा सेकंद धराच. आणि दुधनाकाठ म्हणतात ते कायद्याचं मोडेमलाही लागू आहे, मोडेम म्हणजे दुसरा फोनच.

मांजराकाठ

आता ३४० चं.

कुठल्याही एका मोबाईल कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर संस्था म्हणून नोंदणी करा. पॅन, कंपनीचं नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटी असेल तर तो, लेटरहेडवर सही-शिक्क्याचं अधिकारपत्र आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र. अर्ज बहुतेक वेळा एकाच कारणानं परत येतो: पॅनवरचं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव यात एका शब्दाचा फरक. 'लिमिटेड' आणि 'लि.' एवढंही पुरतं. मंजुरीनंतर मिळणारा संस्था क्रमांक सगळ्या कंपन्यांकडं चालतो.

मग हेडर, म्हणजे मेसेज कुणाकडून आला तिथं दिसणारी सहा अक्षरं. ती तुमच्या नावाशी जुळायला हवीत. मेसेजमध्ये त्याच्या शेवटी आता एक अक्षर जोडून येतं, पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. जाहिरातीला अक्षरी हेडर नाही, आकडी मिळतो.

मग टेम्प्लेट, म्हणजे आधी मंजूर करून घ्यायचा मजकुराचा साचा. इथं घाई करू नका, इथंच सगळं ठरतं. ठरलेला मजकूर जसाच्या तसा, आणि बदलणाऱ्या जागी व्हेरिएबल. एका व्हेरिएबलमध्ये ठराविकच अक्षरं बसतात, त्याहून लांब नाव आलं की तो मेसेज बाद. गावाचं नाव आणि माणसाचं नाव एकाच व्हेरिएबलमध्ये कोंबू नका. मराठीसाठी प्रकार 'युनिकोड' निवडा. माल आणण्याचा निरोप आणि बैठक 'सर्व्हिस इम्प्लिसिट' (सेवेचा निरोप) या प्रकारात बसतात. बियाणं-खताची विक्री मात्र प्रमोशनलच (जाहिरात) टाका: ते सकाळी १० ते रात्री ९ एवढ्यातच जातं आणि डीएनडीवाल्यांना (जाहिराती नकोत अशी नोंद केलेल्यांना) जात नाही. सेवेच्या टेम्प्लेटमध्ये विक्रीचं वाक्य घुसडलं की टेम्प्लेट रद्द, आणि त्याबरोबर हेडरलाही धोका.

पुरवठादार निवडला की पोर्टलवर जाऊन त्याला तुमच्या साखळीत जोडा. डिसेंबर २०२४ पासून ही साखळी पूर्ण नसेल तर मेसेज वाटेतच गळतो. पुष्कळ जण इथं अडकतात, कारण पुरवठादाराच्या पॅनलवर 'पाठवला' दिसतं. लिंक द्यायची असेल तर तीही आधी नोंदवावी लागते. तुमचं काम लिंकशिवाय भागतंय, देऊच नका.

आता तुमचा मूळ प्रश्न. पुरवठादाराला विचारा, ईमेल टू एसएमएस आहे का. असेल तर पॅनलमध्ये तुमचा जीमेल पत्ता नोंदवायचा, मग ९१ सह नंबर, ॲट, त्यांचं डोमेन असा पत्ता (इथं ९१ लागतो बघा). विषयात बहुतेक ठिकाणी टेम्प्लेट क्रमांक, खाली मजकूर. पहिला मेल नव्वद टक्के वेळा नापास होतो तो सहीमुळं. मेलच्या शेवटी आपोआप येणारं 'आपला विश्वासू, अमुक अमुक' मजकुरात धरलं जातं आणि टेम्प्लेटशी जुळत नाही. सही काढा. जीमेलमध्ये 'साधा मजकूर' निवडा. जादा स्पेस, जादा ओळ, वर्डमधून कॉपी केलेलं वाकडं अवतरणचिन्ह, कशानंही नापास होतं.

३४० ला खरं तर ईमेलपेक्षा एक्सेल बरी. नंबरचा कॉलम आधी 'टेक्स्ट' करा, नाहीतर ९१ लावलेला बारा अंकी नंबर ९.१९ई+११ असा होतो, आणि तसाच सीएसव्हीमध्ये जतन झाला तर मागचे आकडे कायमचे गेले. जतन करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, साध्या सीएसव्हीमध्ये मराठीची प्रश्नचिन्हं होतात.

खरेदी_काटा

मांजराकाठ यांचं सगळं बरोबर, पण ७० अक्षरांचं नीट उलगडा कुणीतरी. कागदावर आपण जे एक अक्षर म्हणतो ते एसएमएसमध्ये एक नसतं. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त, सगळे वेगळे मोजतात. 'क्ष' म्हणजे तीन. 'पाणी' म्हणजे चार. 'शेतकऱ्यांनी' म्हणजे अकरा. ७० च्या वर गेलं की भाग ६७ चे होतात, कारण प्रत्येक भागाला जोडणीची माहिती चिकटते. इंग्रजीत हेच १६० आणि १५३.

आपल्या संस्थांची सवय बघा: 'नमस्कार शेतकरी बांधवांनो, आपणास कळविण्यात येते की'. मोजलं तर ४९. निरोप अजून सुरूच झाला नाही आणि ७० पैकी ४९ गेले! त्याऐवजी:

'उद्या ता. १२ ला सोयाबीन घेऊन या. वेळ १० ते १. सातबारा, आधार आणा.'

हे ६४ भरतं.

रोमन लिपीत मराठी लिहून १६० मिळवायचा सल्ला कुणी देईल, पण साठीच्या पुढच्या माणसाला ते वाचता येत नाही, मग पाठवून काय उपयोग. आणि रोमनमध्ये लिहिताना रुपयाचं ₹ हे चिन्ह एकदा जरी आलं तरी पूर्ण मेसेज युनिकोड होतो, १६० चे ७० होतात. 'रु.' असंच लिहा. इमोजीचंही तेच, वर तो एकटा दोन जागा खातो.

मांजराकाठ

खरेदी_काटा, मजकूर चांगला आहे पण त्यात कंपनीचं नाव कुठंय? टेम्प्लेटमध्ये पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर मंजुरी अडते. ६४ मध्ये नाव घातलं की दोन भाग झाले.

खरेदी_काटा

बरोबर, हुकलं माझं. मग असं करा:

'ता. १२ ला सोयाबीन आणा. वेळ १०-१. सातबारा, आधार हवा.'

५१ झाले. स्पेस धरून नावाला १९ उरतात, तेवढ्यात नावाचं छोटं रूप बसवा आणि नोंदणीतही तेच द्या. तारीख, पीक आणि वेळ ही तीन व्हेरिएबल. पिकाच्या जागी 'सोयाबीन' सात, 'तूर' तीन, 'हरभरा' पाच. म्हणजे सोयाबीनवर बसलं की बाकीचं आपोआप बसतं.

पूर्णाकाठ

लई उपयोगाचं झालं. ठरवलं असं: रोजचे ४० फोनवरून, दोन टप्प्यांत, ३४० साठी डीएलटी. एक शेवटचं. आमच्याकडं सगळ्या याद्या आणि सूचना श्रीलिपीत टाईप केलेल्या आहेत. त्या तशाच चिकटवल्या तर पोर्टलवर इंग्रजी अक्षरांचा गिचमिडकाला दिसतो.

तारवाला

दिसणारच. त्या जुन्या फाँटमध्ये आत इंग्रजी कोडच असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा. युनिकोडचं रूपांतर करणारी साधनं नेटवर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका. 'ऱ्य' आणि 'र्य' ची अदलाबदल नेहमी होते आणि टेम्प्लेट एकदा चुकीचं मंजूर झालं की बरोबर लिहिलेला मेसेज नापास होत राहतो. टेम्प्लेट असतील चार-पाच, ते सरळ विंडोजच्या मराठी कीबोर्डवर नव्यानं टाईप करा. सभासदांच्या नावांची यादी रूपांतर करून घ्या.

दुधनाकाठ

आणि पहिला ३४० चा मेसेज सोडायच्या आधी पाच नंबरांवर सोडा: वेगवेगळ्या कंपन्यांचे चार, आणि एक जुन्यातला जुना कीपॅड फोन. त्या फोनमध्ये देवनागरी नसेल तर चौकोन दिसतील. ते पाठवून दुरुस्त होत नाही. असे सभासद किती ते मोजा आणि त्यांना फोनच करा.